नवा गेमिंग कन्सोल घरी आणताना: सांगलीतल्या एका पालकाने लिहिलेले पायरीपायरीचे मार्गदर्शन

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी प्लेस्टेशन ५ हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र, आला. मुलगा तेव्हा आठवीत होता आणि मुलगी पाचवीत. खरेदीपूर्वी मी बरेच दिवस माहिती शोधत होते, पण मिळाली ती बहुतेक चित्रांच्या स्पष्टतेची आणि वेगाची. घरात एकच टीव्ही असेल तर काय करायचे, बिलावर काय लिहून घ्यायचे, मुलांचे खाते कोणत्या क्रमाने उघडायचे आणि खोक्यावरच्या किमतीनंतर वर्षभरात आणखी किती पैसे जातात, हे कोणी सांगितले नाही. मी हिशेबाचे काम करते, त्यामुळे कन्सोलवर झालेला प्रत्येक खर्च पहिल्या दिवसापासून वहीत लिहिलेला आहे. त्या वहीवरून माझे मत असे बनले आहे की कन्सोल घेणे म्हणजे घरात पैशाचे आणि वेळेचे एक चालू खाते उघडणे आहे. ते खाते नीट सांभाळता येणार असेल तर वस्तू उत्तम आहे, आणि तशी तयारी नसेल तर थांबलेले बरे. पुढच्या पायऱ्या आम्ही ज्या क्रमाने करायला हव्या होत्या त्या क्रमाने लिहिल्या आहेत.

१. आधी घरात बसून ठरवा: कोण खेळणार आणि काय खेळणार

मुलगा किंवा मुलगी ज्या खेळासाठी हट्ट धरते आहे, तो खेळ कन्सोलवर आहे का, हे सर्वांत आधी पाहा. ही सूचना साधी वाटेल, पण आमच्या ओळखीच्या एका घरात कन्सोल आल्यावर कळले की मुलाला हवा असलेला बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा खेळ नावाप्रमाणेच फक्त मोबाइलवर चालतो. तसेच मित्र एक्सबॉक्स या दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवर खेळत असतील आणि तुम्ही प्लेस्टेशन घेतला, तर काही खेळ एकमेकांबरोबर ऑनलाइन खेळता येतात आणि काही येत नाहीत. मित्रांची आणि खेळांची यादी करूनच यंत्र निवडा.

फायद्यांपैकी मला सर्वांत मोठा वाटतो तो हा की एकदा घेतलेले यंत्र बरीच वर्षे चालते आणि त्यात सुटे भाग बदलत बसावे लागत नाहीत. प्लेस्टेशन ४ हा २०१३ साली आला आणि प्लेस्टेशन ५ हा २०२० साली, म्हणजे एका पिढीला सात वर्षे मिळाली. जुन्या यंत्रासाठी त्यानंतरही काही वर्षे नवे खेळ येत राहिले. गेमिंगचा संगणक घेतला असता तर ग्राफिक्स कार्डचा विषय दोन-तीन वर्षांत पुन्हा निघाला असता. दुसरा फायदा असा की खेळ घरातल्या मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर चालतो. गणपतीला आमच्याकडे मुलांची आतेभावंडे आली होती. चार मुले आणि दोन कंट्रोलर (हातात धरून खेळायची बटणांची साधने) अशी स्थिती होती, म्हणून त्यांनी फुटबॉलच्या सामन्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या, आजींच्या हातात घड्याळ दिले, आणि हरणाऱ्याने कंट्रोलर सोडायचा असा नियम केला. तीच मुले आदल्या वर्षी चार कोपऱ्यांत चार मोबाइल घेऊन बसली होती. हा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून सांगते.

तोट्याची बाजूही तितकीच खरी आहे. कन्सोल अभ्यासाच्या उपयोगाचा नाही. त्यावर प्रकल्पाचा अहवाल टाइप होत नाही की गणिताचे सॉफ्टवेअर चालत नाही. मुलाला येत्या दोन वर्षांत लॅपटॉप लागणार असेल आणि दोन्ही खर्च झेपणारे नसतील, तर लॅपटॉप आधी घ्या, याबाबत माझ्या मनात शंका नाही.

२. डिस्कचा की बिनडिस्कचा, हे ठरवा

एकाच नावाच्या कन्सोलचे दोन प्रकार असतात: डिस्क ड्राइव्ह असलेला आणि नसलेला. बिनडिस्कच्या प्रकाराला डिजिटल म्हणतात आणि तो स्वस्त असतो. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला तेव्हा डिस्कच्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये आणि डिजिटलची ३९,९९० रुपये होती. दहा हजारांचा हा फरक पाहून बहुतेक पालक डिजिटलकडे वळतात. मात्र हा फरक खेळांवर भरून निघतो.

नव्या मोठ्या खेळाची किंमत चार ते पाच हजारांच्या घरात असते. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर ती विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते, आणि जुनी डिस्क निम्म्या किमतीला किंवा त्याहूनही कमीला मिळते. डिजिटल खेळ मात्र तुमच्या खात्याला कायमचा चिकटतो. तो विकता येत नाही. प्लेस्टेशन ४च्या जवळजवळ सर्व डिस्क प्लेस्टेशन ५वर चालतात, त्यामुळे डिस्कचे यंत्र घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी जुन्या खेळांचा मोठा बाजार उघडा होतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ म्हणजे कंपनीने दिलेला वापराचा परवाना असतो. केवळ ऑनलाइन चालणारा 'द क्रू' हा मोटारींचा खेळ कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केल्यावर पैसे भरलेल्या लोकांनाही खेळता येईना. अशा वेळी हातात डिस्क असूनही उपयोग होत नाही, म्हणून एकट्याने ऑफलाइन खेळता येतो का, हे खेळाच्या वर्णनात वाचूनच पैसे भरा.

एक्सबॉक्सचा सीरीज एस हा लहान आणि स्वस्त असून त्याला डिस्क ड्राइव्ह नसते. सीरीज एक्सच्या मूळ प्रकाराला असते. एक्सबॉक्सवर मासिक वर्गणीत बरेच खेळ मिळतात, त्यामुळे ज्यांना सतत नवे खेळ चाळायला आवडतात त्यांना तो मार्ग परवडतो. निन्टेंडो कंपनीचा स्विच हा कन्सोल लहान मुलांसाठी फार चांगला आहे, पण निन्टेंडो भारतात तो अधिकृतपणे विकत नाही. जो मिळतो तो आयात केलेला असतो, आणि बिघडला तर विकणारा दुकानदार सोडून कोणाकडे जाता येत नाही.

३. किमतीऐवजी पहिल्या वर्षाचा खर्च मांडा

माझ्या वहीतील पहिल्या वर्षाचे आकडे पूर्णांकात देते. कन्सोल ५४,९९० रुपये. त्यानंतर दुसरा कंट्रोलर सुमारे ६,०००, एक नवा खेळ ५,०००, दोन जुन्या डिस्क मिळून ३,३००, ऑनलाइन खेळण्यासाठीची वर्षाची वर्गणी सुमारे ४,०००, आणि चांगला स्पाइक गार्ड व राउटरपासूनची केबल मिळून १,२००. एकूण वरखर्च १९,५००, म्हणजे मूळ किमतीच्या एक-तृतीयांशाहून थोडा अधिक. तुमचे आकडे वेगळे येतील, पण हे प्रमाण डोक्यात ठेवून अंदाजपत्रक करा.

वर्गणीबाबत दोन खुलासे करते. प्लेस्टेशनवर विकत घेतलेला खेळ ऑनलाइन मित्रांबरोबर खेळायचा असेल तर वर्गणी लागते. फोर्टनाइटसारख्या मोफत खेळांना मात्र ती लागत नाही. दुसरे, वर्गणी घेताना तिचे आपोआप नूतनीकरण चालू असते. ती भरल्याबरोबर त्याच दिवशी ते बंद करा. भरलेल्या मुदतीपर्यंत वर्गणी चालूच राहते.

थांबलो तर स्वस्त मिळेल, असेही अनेक जण सांगतात. पूर्वी तसे होत असे. या पिढीत उलट झाले: प्लेस्टेशन ५ची किंमत नोव्हेंबर २०२२मध्ये भारतात ५४,९९० रुपयांवर गेली. सणासुदीची सूट मात्र मिळते, म्हणून थांबायचेच असेल तर दसरा-दिवाळीपर्यंत थांबा.

४. टीव्ही, जागा आणि वीज तपासा

टीव्हीला मागे किंवा बाजूला एचडीएमआयचा एक सॉकेट मोकळा हवा. तीन रंगांच्या वायरींचा जुना टीव्ही चालणार नाही. ३२ इंचांच्या साध्या टीव्हीवरही खेळ दिसतात, त्यामुळे केवळ कन्सोलसाठी नवा टीव्ही घेण्याची घाई करू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो चालू करा. बटण दाबल्यावर हालचाल उशिरा होण्याची तक्रार बहुतेक वेळा तेवढ्याने जाते.

कन्सोल बंद कपाटात ठेवू नका. तो गरम हवा मागून फेकतो, म्हणून चारही बाजूंनी वीतभर जागा मोकळी ठेवा. आम्ही तो हॉलमध्येच ठेवला, मुलांच्या खोलीत जाणूनबुजून ठेवला नाही, आणि आजवरचा आमचा सर्वांत चांगला निर्णय तोच आहे. आजींची सात ते साडेआठची मालिकांची वेळ आहे, त्यामुळे खेळाला एक कुंपण न सांगता पडले.

विजेचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. मोठा खेळ चालू असताना प्लेस्टेशन ५ साधारण २०० वॅट घेतो. रोज दोन तास धरले तर महिन्याला १२ युनिट होतात, टीव्हीचे वेगळे. खरी काळजी वीज अचानक जाण्याची आहे. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस आला की आपल्याकडे वीज दहा मिनिटांत तीनदा ये-जा करते. खेळातल्या प्रगतीची नोंद साठवली जात असताना वीज गेली तर ती नोंद खराब होऊ शकते, आणि यंत्र पुन्हा चालू केल्यावर नीट बंद न केल्याची सूचना देऊन साठवण तपासत बसते. आभाळ भरून आले की कन्सोल पूर्ण बंद करून प्लग काढायचा, अशी सवय लावा. इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर टीव्ही आणि पंख्यांसह एकूण भार त्याला झेपतो का, हे इलेक्ट्रिशियनला विचारा.

५. खरेदीच्या दिवशी

आमची सर्वांत मोठी चूक इथे झाली. ओळखीच्या दुकानात गेलो, हजार रुपये कमी लागतील म्हणून कच्च्या बिलावर राजी झालो आणि खोके घेऊन घरी आलो. चार महिन्यांनी एका रविवारी मुलीने खेळ लावला आणि कंट्रोलर टेबलावर ठेवून ती पाणी प्यायला उठली, तर पडद्यावरचा खेळाडू कोणी हात न लावता डावीकडे चालत जाऊन भिंतीला धडका देऊ लागला. कंट्रोलरवरच्या दिशा देणाऱ्या काडीचा हा नेहमीचा दोष आहे आणि वॉरंटीत तो दुरुस्त होतो, पण आमच्या बिलावर जीएसटी क्रमांकही नव्हता आणि यंत्राचा अनुक्रमांकही नव्हता. पक्के बिल मिळवण्यासाठी दुकानाच्या खेपा घालण्यात तीन आठवडे गेले. वाचवलेले हजार रुपये त्यापुढे काहीच नव्हते.

म्हणून दुकानात हे सर्व पाहा, आणि पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका:

- जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल, त्यावर तुमचे नाव, तारीख, मॉडेल आणि यंत्राचा अनुक्रमांक
- बिलावरचा, खोक्यावरचा आणि यंत्रावरचा अनुक्रमांक एकच असणे
- भारतातील एक वर्षाची वॉरंटी आणि खोक्यावर भारतातील विक्रेत्या कंपनीचा पत्ता
- खोक्यात कंट्रोलर, एचडीएमआय केबल आणि वीजजोडणीची वायर (एक्सबॉक्सचा कंट्रोलर दोन पेन्सिल सेलवर चालतो, तेव्हा जास्तीचे सेल घ्या)
- हप्त्यांवर घ्यायचे असेल तर आधार, पॅन, बँकेचा तपशील आणि आधारला जोडलेला मोबाइल

बिनव्याजी हप्ते म्हटले तरी प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या रकमेवरचा जीएसटी बऱ्याचदा लागतो. एकूण किती भरावे लागणार, तो आकडा कागदावर मागा. ऑनलाइन मागवत असाल तर खोके उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबवता व्हिडिओ काढा.

जुना कन्सोल घेणे वाईट नाही, पण तो विकणाऱ्याच्या घरी जाऊन, टीव्हीला जोडून, किमान अर्धा तास चालवून पाहा. एचडीएमआयची खाच वाकलेली नाही ना, पंख्याचा आवाज बेसुमार येत नाही ना, डिस्क आत जाते आणि बाहेर येते ना, आणि आधीच्या मालकाचे खाते तुमच्यासमोर काढून टाकले आहे ना, एवढ्या चार गोष्टी पाहिल्याशिवाय उठू नका.

तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे निभावले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

६. पहिली संध्याकाळ: खाते आधी पालकाचे, मग मुलांचे

मुले खोके फोडण्यासाठी उतावीळ असतात आणि घाईघाईत पहिले खाते मुलाच्या नावाने, खोटी जन्मतारीख टाकून उघडले जाते. असे होऊ देऊ नका. पहिले खाते पालकाच्या ईमेलवर, खऱ्या जन्मतारखेने उघडा, त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, आणि मग त्याच्याखाली मुलांची खाती जोडा. प्रौढ म्हणून उघडलेल्या मुलाच्या खात्यावर वेळेची आणि पैशाची बंधने घालता येत नाहीत, आणि नंतर दुरुस्त करायला गेलात तर खेळातली प्रगती जुन्या खात्यातच राहते. देश म्हणून भारतच निवडा; प्लेस्टेशनच्या खात्याचा देश पुढे बदलता येत नाही.

मुलांच्या खात्यांवर तीन गोष्टी ठरवा: दिवसाचा वेळ, खर्चाची मर्यादा आणि अनोळखी लोकांशी बोलण्याची परवानगी. खर्चाची मर्यादा आम्ही शून्य ठेवली आहे. खेळाच्या आतही पोशाख, शस्त्रे, नाणी विकत मिळतात आणि मुलांना ती हवीशी वाटतात. वाढदिवसाला आम्ही ठरावीक रकमेचे गिफ्ट कार्ड देतो आणि त्याचा हिशेब मुलांनी मांडायचा असतो. बँकेचे कार्ड कन्सोलमध्ये साठवलेले नाही, आणि तुम्हीही साठवू नका, असा माझा आग्रह आहे.

खेळ निवडताना डिस्कच्या कोपऱ्यातले वय पाहा. युरोपीय पद्धतीत ३, ७, १२, १६ आणि १८ असे आकडे असतात. अमेरिकी पद्धतीत अक्षरे असतात. दुकानदार ते विचारत नाही, ते काम आपले आहे.

घरातली मोठी माणसे एक प्रश्न हमखास विचारतात, म्हणून नोंदवते. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. विकत घेतलेला फुटबॉलचा किंवा मोटारींचा खेळ त्या बंदीत येत नाही. आमच्या आजींना हे नीट समजावून सांगितल्यावरच त्यांची काळजी गेली.

७. डाउनलोडची तयारी ठेवा

डिस्क घेतली म्हणजे इंटरनेट लागत नाही, असे नाही. डिस्कवरचा खेळ आधी यंत्रात उतरवून घ्यावा लागतो, त्यानंतर सुधारणांचा भाग इंटरनेटवरून येतो, आणि खेळताना डिस्क आत ठेवावीच लागते. मोठा खेळ १०० जीबीपर्यंत जातो. रोज दोन जीबी मिळणाऱ्या मोबाइलच्या प्लॅनवर त्याला ५० दिवस लागतील. ४० एमबीपीएसच्या फायबरवर तोच साडेपाच-सहा तासांत येतो. घरी फायबर नसेल तर डिजिटल कन्सोलचा विचार सोडून द्या. राउटर जवळ असेल तर वायफायऐवजी केबल लावा.

साठवणही लवकर भरते. एक्सबॉक्स सीरीज एसच्या ५१२ जीबीपैकी खेळांसाठी सुमारे ३६४ जीबी मिळतात, म्हणजे चार-पाच मोठे खेळ. प्लेस्टेशन ५चे खेळ बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर ठेवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत. जागा कमी पडली की नवी हार्ड डिस्क घेण्याआधी पूर्ण झालेले खेळ काढून टाका; प्रगतीची नोंद वेगळी राहते, त्यामुळे खेळ पुन्हा उतरवल्यावर तिथूनच पुढे सुरू करता येतो.

८. वेळेचे नियम खेळाचा प्रकार पाहून करा

जेवायला हाक मारली की मुले म्हणतात, 'आई, आत्ता बंद करता येत नाही.' हे कधी खरे असते आणि कधी नसते, आणि पालकाला तो फरक कळला पाहिजे. एकट्याने खेळायचा खेळ जवळजवळ केव्हाही थांबवता येतो. ऑनलाइन सामना मात्र थांबत नाही. मध्येच उठले तर सोबतच्या खेळाडूंचा डाव मोडतो. हे समजेपर्यंत आमच्याकडे रोज वाद होत. आता जेवणाच्या वीस मिनिटे आधी मी आठवण करते, आणि त्यानंतर नवा सामना सुरू करायचा नाही, एवढाच नियम आहे. तो मुलांनी मान्य केला, कारण तो त्यांना न्याय्य वाटला.

दर तासाला पंधरा मिनिटे विश्रांती घ्यावी, असे प्लेस्टेशनच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. लखलखत्या प्रकाशाने फिट येण्याचा त्रास घरात कोणाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने व्हिडिओ गेम खेळण्याच्या विकाराला आपल्या रोगवर्गीकरणात स्थान दिले आहे, पण त्याची व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे: खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला महत्त्व देणे आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणे, हे सर्वसाधारणपणे किमान बारा महिने दिसले पाहिजे. सुटीत दोन तास जास्त खेळलेल्या मुलाला व्यसनी म्हणू नका. मात्र झोप, शाळा आणि मैदान तिन्ही सुटू लागले तर सल्ला घ्यायला उशीरही करू नका. परीक्षेच्या महिन्यात आम्ही कंट्रोलर कपाटात ठेवतो. मुलगा दहावीत गेला तेव्हा ते त्याने स्वतःच आणून दिले.

९. धूळ, दमट हवा आणि पूर

महिन्यातून एकदा यंत्र बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने जाळीवरची धूळ काढा. ओले फडके लावू नका आणि वॉरंटीत असताना अधिकृत सेवा केंद्राबाहेरच्या कोणाकडून उघडून घेऊ नका.

पावसाळ्याची काळजी आमच्या गावभागासारख्या नदीकाठच्या वस्तीतल्या लोकांनी वेगळी घ्यायला हवी. ऑगस्ट २०१९च्या पुरात आमच्या तळमजल्यावरचा टीव्ही गेला, आणि जुलै २०२१मध्ये पुन्हा पाणी आले. म्हणून कन्सोलचे मूळ खोके आणि आतले पांढरे थर्माकोल आम्ही टाकले नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की, ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट न पाहता, यंत्र खोक्यात भरून, कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, वरच्या मजल्यावरच्या माळ्यावर जाते. पाणी उतरल्यावर भिंती ओल्या असेपर्यंत ते खाली आणत नाही, आणि आणल्यावरही खोलीच्या हवेत एक दिवस तसेच ठेवून मगच प्लग लावतो. पक्के बिल, वॉरंटीचा कागद आणि खात्याचे पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याच खोक्यात ठेवली आहे.